चुलीचे निरूपण



निरूपणाला बसायचे म्हणजे संतांचा एखादा अभंग समोर घ्यायचा, त्याचा पदच्छेद करायचा, दृष्टांत द्यायचे, हा आमचा आजवरचा शिरस्ता. या खेपेस अभंग घेतला नाही. या खेपेस चूल निरूपणास घेतली आहे. कोणी म्हणेल, महाराजांना म्हातारपणी हे काय सुचले? सुचले नाही बाबा, अंगावर पडले. कसे पडले ते सांगतो.

आमचे बिऱ्हाड सिंदी मेघे येथे. वर्ध्याला अगदी लागून असलेले हे गाव. आता वर्धा कोठे संपते आणि सिंदी कोठे सुरू होते, हे नवख्याला समजत नाही. बालपणी आम्हांस संस्कृत पाठशाळेत घातले. अमरकोश झाला, लघुकौमुदी झाली, तर्कसंग्रह झाला. पुढे कीर्तनाची वीणा गळ्यात पडली. चाळीस वर्षे गावोगावच्या सप्त्यांतून 'अन्न हे ब्रह्म आहे' या सिद्धांतावर आम्ही तास तास बोललो. तैत्तिरीय उपनिषद काढले, गीता काढली, ज्ञानेश्वरी काढली. श्रोते माना डोलवीत. आणि हे सर्व बोलणाऱ्या गृहस्थाला स्वतःच्या घरी डाळीचा डबा कोणता आणि बेसनाचा कोणता, हे ठाऊक नव्हते!

२०१९ सालची कार्तिकी करून आम्ही पंढरीहून परतलो, आणि चारच दिवसांनी आमचे कुटुंब न्हाणीच्या ओट्यावरून घसरले. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे पलस्तर. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास, मुलगी सासरी. ती आली, चार दिवस राहिली, तिचाही संसार आहे, गेली. मग खानावळीचा डबा लावला. डब्यातले वांगे तेलात पोहत होते. दुसऱ्या दिवशीची कोबी आणि तिसऱ्या दिवशीची मटकी, सर्वांची चव एकच. ती भाजीची नव्हे, मसाल्याच्या पुडीची चव. पोटाची सोय होत होती, तक्रार करण्याचे कारण नव्हते. पण तिसऱ्या दिवशी ही दारातल्या पाटावर बसून म्हणाली,

"देवाले काय दाखवता जी? डबा?"

झाले. पस्तीस वर्षांत आमच्या विठोबाला ताज्या नैवेद्याचा खाडा पडला नव्हता. तो नैवेद्य कोठून येतो याचा विचार आम्ही केला नव्हता, इतकेच. दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान करून आम्ही परात पुढे ओढली.

पहिल्या भाकरीचे वर्णन करण्यासारखे नाही. थापताना कडा फुटल्या, उचलताना दोन तुकडे झाले, तव्यावर पडेपर्यंत तीन. ही पाहत होती. हसू दाबून म्हणाली, "पीठ जुनं हाय. विरी गेली त्याची. अन् पाणी थंडं काहून घेतलं?"

सज्जनहो, 'विरी' हा शब्द आम्हांस अमरकोशात भेटला नव्हता. ज्वारीचे पीठ दळून फार दिवस झाले की त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापली जात नाही. त्याला विरी जाणे म्हणतात. गव्हाच्या कणकेला जात्याच चिवटपणा असतो, गार पाण्यातही ती ताणली जाते. ज्वारीत तो गुण नाही. म्हणून उकळते पाणी. उकळत्या पाण्याने पिठातले सत्त्व थोडे शिजते, आणि तेच मग पीठ बांधून ठेवते. परातीत एकाच भाकरीपुरते पीठ घ्यावे, मधे आळे करावे, पाणी ओतून चमच्याने कालवावे, हाताला सोसू लागले की मनगटाचा जोर लावून लोण्यासारखे होईतो मळावे. मग खाली कोरडे पीठ पसरून हलक्या हाताने थापावे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवावी, तिच्यावर पाण्याचा हात फिरवावा, आणि ते पाणी सुकायच्या बेतात आले की उलटावी. फार लवकर उलटली तर चिकटते, उशीर झाला तर तडकते. दुसरी बाजू पुरती भाजली म्हणजे पहिली बाजू विस्तवावर धरावी. तेव्हा ती फुगते. व्याकरणात आम्ही सर्व संधी शिकलो होतो. पीठ आणि पाणी यांचा संधी शिकायला साठी गाठावी लागली.

यात सगळे बळ मनगटाचे, हे ध्यानात आले काय? मोडले तेही मनगटच. पलस्तराकडे पाहून आम्ही मनातल्या मनात हिशेब मांडला. दिवसाला सहाच भाकरी धरल्या तरी पस्तीस वर्षांत पाऊण लाखाच्या वर जातात. तितक्या भाकरी ज्या हाताने थापल्या, त्या हाताचे नाव आमच्या एकाही कीर्तनात आलेले नव्हते.

जनाबाईची कथा आम्ही किती वेळा सांगितली असेल! देव तिच्या जात्याला हात लावतो, तिच्यासंगे कांडतो, तिच्या शेण्या वेचतो. या ठिकाणी आमचा आवाज आपोआप भरून येतो आणि बाया पदराने डोळे पुसतात. पण पाहा, कथेतला देव बाईच्या कामाला हात लावतो, आणि कथा सांगणारा महाराज पाटावर बसून भाकरीची वाट पाहतो. श्रोत्यांतल्या एखाद्या माउलीच्या मनात हे आले असेल तर तिने ते आम्हांस कधी बोलून दाखवले नाही, ही तिची थोरवी.

पीठ बदलले. आठ दिवस पुरेल एवढेच दळून आणायचे, हा नेम तेव्हापासून चालू आहे. ज्वारी मात्र हुडकावी लागते. वर्ध्याच्या आसपास वावरांत आता कपाशी, तूर आणि सोयाबीन. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. सभा झाल्या, ज्वारीची स्तुती झाली, आणि सभेनंतरच्या पंगतीत मैद्याची पोळी आली. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. असो.

आता शास्त्राकडे वळू. साधे जेवण म्हटले की पुष्कळ भाविकांची समजूत अशी, की ते बेचव असले पाहिजे. जिभेला गोड लागले म्हणजे परमार्थ बुडाला! ही समजूत कोठून आली न कळे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले. त्यांत सात्त्विक आहाराला एक विशेषण 'रस्य' असे दिले आहे. रस्य म्हणजे ज्याला रस आहे, चव आहे. दुसरे एक विशेषण 'हृद्य', मनाला भावणारे. चव वर्ज्य असती तर भगवंत हे शब्द वापरते ना. राजस आहारात कडू, आंबट, खारट, तिखट यांची नावे येतात खरी, पण तेथे 'अति' हा शब्द आहे, आणि तो त्या सगळ्यांना लावून घ्यावा असे आचार्यांनी भाष्यात स्पष्ट सांगितले आहे. आंबट दोषी नाही, अति आंबट दोषी आहे. माउलींनी तर सात्त्विक अन्नाला गुरुमुखातून निघालेल्या अक्षराची उपमा दिली: दिसायला लहान, पण तृप्ती अपार. चवीवाचून ती तृप्ती कशी येईल? बेचव अन्न माणूस पुष्कळ खातो आणि तरी उपाशीच उठतो.

मुक्ताबाईची गोष्ट आठवा. आईबाप नाहीत, गाव वाळीत टाकते आहे, आणि त्या घरात मांडे करण्याचे मनात येते. कुंभाराकडे खापर मिळेना, तेव्हा ज्ञानोबांनी योगाग्नी चेतवून पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले, असे परंपरा सांगते. आम्ही आजवर त्या कथेत योगाग्नी पाहिला. आता त्यात एका लहान मुलीला झालेली मांड्यांची आठवण दिसते, आणि तिला 'इच्छा सोड' असे न म्हणता पाठ पुढे करणारा भाऊ दिसतो.

येथे एक शंका येईल, आणि सिंदीत राहणाऱ्याला तर ती येणारच. आमच्या शेजारीच महात्माजींनी अस्वादाचे व्रत चालवले नाही काय? चालवले. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पा त्याचे चिटणीस, आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे ठाणे झाले. १९३५ साली महात्माजी मगनवाडीत राहत होते. हातजात्याचे पीठ, हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, यांचा प्रसार तेथून झाला. सोयाबीन माणसाने कसे खावे याचे प्रयोगही त्या साली तेथे झाले. आज आमच्या भोवती कोसभर सोयाबीन उभे असते, ते बहुतेक तेलाच्या कारखान्याकडे जाते, घरच्या कढईत क्वचितच येते. त्याच साली मगनवाडीची मंडळी सकाळी जवळच्या सिंदी गावात येत आणि रस्त्यावरची घाण स्वतःच्या हातांनी उचलत. महादेवभाई देसाई येत. मीराबेन तर सिंदीतच राहावयास आल्या होत्या. ते हे आमचे गाव. १९३६ च्या एप्रिलअखेर महात्माजी शेगावास गेले, ज्याला पुढे सेवाग्राम नाव मिळाले.

त्यांच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत. अन्न औषधासारखे घ्यावे, जिभेसाठी घेऊ नये. आश्रमाच्या ताटात कडुनिंबाची चटणी असे. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर नावाचे एक अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहिले. त्यांनी पुढे त्या मुक्कामावर पुस्तक लिहिले, त्यात तेथल्या जेवणाचे कौतुक शोधून सापडायचे नाही. महात्माजींपुढे आम्ही हात जोडतो. ज्या माणसाने मैला उचलला त्याने चटणी कडू खाल्ली तर त्याला अधिकार आहे. पण अस्वादाचे व्रत आम्हांस पेलत नाही, आणि खरे सांगायचे तर वारकऱ्याची वाट ती नव्हे. आपली वाट प्रसादाची. अन्न आधी देवापुढे जाते, मग आपल्याकडे येते. ज्याच्या पुढे ठेवायचे त्याला बेचव कसे ठेवावे? नामदेवरायांनी लहानपणी देवापुढे नैवेद्य ठेवला आणि 'जेव' म्हणून हट्ट धरला. तो हट्ट धरायला अन्नही तसेच प्रेमाने केलेले हवे. शिवाय रखुमाईचे माहेर कौंडण्यपूर, आमच्याच वर्धा नदीच्या काठचे. माहेरची चव बाई विसरत नसते. पंढरीच्या आईला वऱ्हाडच्या जवसाच्या चटणीची आठवण येत असेल, असे आम्हांस आपले वाटते. शास्त्राधार विचारू नका.

साधे आणि चवदार हे दोन्ही एकत्र कसे येते, ते त्या सहा आठवड्यांत पाटावर बसलेल्या गुरूने शिकवले. वरणाचेच घ्या. एक वाटी तुरीची डाळ धुऊन अर्धा तास भिजत घालावी, तिप्पट पाणी, चिमूट हळद, हिंगाचा खडा, तेलाचे चार थेंब. शिजली की घोटावी आणि मग मीठ. वर साजूक तूप, लिंबू. एवढेच. आम्ही दुसऱ्या दिवशी उत्साहाने त्यात दोन मसाले टाकले, तर म्हणे, "डाळीले बोलू द्या ना जी, तुम्हीच काहून बोलून राह्यले?" कीर्तनकाराला याहून नेमका टोला कोणी हाणला नसेल.

फोडणीचा क्रम असतो. तेल आधी पुरते तापू द्यावे. मोहरी तडतडून शांत झाली की जिरे, मग हिंग, मग कढीपत्ता, हळद शेवटी, कारण हळद आणि तिखट लगेच जळतात. जळाली की सगळी भाजी कडवट. आम्ही क्रम चुकवला आणि दोन दिवस कडवट खाल्ले. मंत्रात स्वर चुकला तर अनर्थ होतो, असे पाठशाळेत शिकवले होते. ते फोडणीत पटले.

अंबाडीची भाजी मात्र आमची आवडती, तिच्याविषयी थोडे अधिक बोलू द्या. कोवळी पाने देठावेगळी करून धुवावी, पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे आंबटपणाची धार कमी होते. दुसरीकडे मूठभर तुरीची डाळ आणि तितक्याच ज्वारीच्या कण्या मऊ शिजवाव्यात. दोन्ही एकत्र करून रवीने घोटावे, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालावा, पुन्हा एक उकळी येऊ द्यावी. वरून मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्या यांची चरचरीत फोडणी. लसूण ज्याला चालतो त्याने घालावा. आमच्याकडे आषाढातली कांदेनवमी झाली की चातुर्मासभर कांदा-लसूण बंद, आणि खरे म्हणजे बंद असताना काही उणे वाटत नाही. या एका भाजीत आंबट, गोड, खारट, तिखट सगळे आहे आणि 'अति' काही नाही. सोबत भाकरी आणि जवसाची चटणी: जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, गार करून लाल मिरची, जिरे, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचे. थोडीच करावी, जवसाला तेल फार, ठेवून खवट होते. ज्या दिवशी हे तिन्ही एकदम जमले, त्या दिवशी आम्ही हिच्या तोंडाकडे परीक्षेच्या निकालासारखे पाहत होतो. ही एवढेच म्हणाली, "मीठ बरोबर हाय."

पैशाने म्हणाल तर खानावळीच्या डब्याहून हे स्वस्त पडले. वेळेने म्हणाल तर प्रथम तीन तास लागत, पुढे सव्वा तासात आटपू लागले. ज्याला विसरतो तो वेळ वेगळाच: निवडणे, भिजवणे, दळण नेणे, भांडी घासणे, उद्या काय हे रात्री आठवून ठेवणे. यातले काहीच ताटात दिसत नाही.

आता एक गोष्ट मघाशी सांगायची राहिली. राहिली म्हणजे आम्हीच मागे ठेवली होती, सांगायला जीभ रेटत नव्हती म्हणून.

हात मोडला तेव्हा दवाखान्यात हिचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठाच्या आत निघाले. बायकांना बारा तरी असावे म्हणतात. डॉक्टर मुलीच्या वयाची. तिने आमच्याकडे न पाहता हिला विचारले, "काकू, तुम्ही जेवता कधी?"

"सगळ्यायचं झालं की."

"आणि काय जेवता?"

यावर ही काही बोलली नाही. आमच्याकडे पाहिले तिने.

घरी परतताना रिक्षात आमच्या डोळ्यांपुढे सतरावा अध्याय उभा राहिला. सात्त्विक झाले, राजस झाले, आणि तिसरा तामस आहार. ज्याला शिजून प्रहर उलटला ते अन्न. काही टीकाकार तेथे अर्धेकच्चे असाही अर्थ करतात. ज्याचा रस गेला ते. शिळे. दुसऱ्याचे उरलेले. हा श्लोक आम्ही शेकडो वेळा लावला असेल, आणि दर वेळी तो हॉटेलांवर, बाजारी फराळावर, नव्या पिढीवर लावला. लोक हसत, टाळ्या पडत. पण ही सगळी लक्षणे एकत्र जुळतात ते ताट आमच्याच घरात रोज दुपारी दोन वाजता वाढले जात होते! आम्हांस तव्यावरची भाकरी. हिला सकाळची गार. आम्हांस वरचे वरण; हिला तळाशी राहिलेले, आदल्या रात्रीच्या भातासंगे. टाकून देणे पाप, म्हणून ते तिने खायचे. ज्याला शास्त्र तामस म्हणते ते आम्ही आमच्या गृहलक्ष्मीला पस्तीस वर्षे खाऊ घातले, आणि वर कीर्तनात स्त्रियांनी सात्त्विक राहावे असा उपदेश केला.

छांदोग्यात श्वेतकेतूची कथा आहे. बापाने त्याला पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवले, आणि मग म्हणाला, वेद म्हण. त्याला काही आठवेना. जेवल्यावर सर्व आठवले. मन अन्नाचे बनते, हे बापाला दाखवायचे होते. ही कथा सांगून आम्ही पुष्कळ बिदागी घेतली. मन श्वेतकेतूचेच तेवढे अन्नाचे आणि स्वयंपाकघरातल्या बाईचे कशाचे बनते, हा प्रश्न ना आम्ही विचारला ना आम्हांस कोणी विचारला. आणि हे एका घरचे असते तर आम्ही घरातच निस्तरले असते, छापायला दिले नसते. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले, त्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींत रक्त कमी आढळले. कारणे अनेक असतील. शेवटी आणि उरलेले जेवणे हे त्यांतले एक नाही, असे आम्हांस तरी म्हणवत नाही.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चुकवू नयेत असे बजावले. शिवाय सांगितले, जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. डाळ-भाकरीसोबत लिंबू, आवळा असे काही आंबट असू द्या, त्याने लागते. अंबाडीचे महत्त्व आम्हांस असे दुहेरी पटले. उपासाविषयीही बोलली. एकादशी आम्ही सोडणार नाही, पण साबुदाणा म्हणजे नुसते पिष्ट. त्यापेक्षा राजगिरा, भगर, शेंगदाण्याची आमटी बरी. आणि एकादशीच्या जोडीने सोमवार, चतुर्थी, आणखी कोणाकोणाच्या नावाने हिने धरलेले उपास ऐकून डॉक्टरने कपाळाला हात लावला. बहुतेक उपास आमच्याच आयुष्यासाठी होते.

सहाव्या की सातव्या दिवशी आमची भाकरी प्रथम टम्म फुगली. तिचा नैवेद्य देवाला दाखवला. दुसरी फुगली ती तव्यावरून थेट हिच्या ताटात टाकली, वर तूप, वाटीत वरण. "आधी तुम्ही घ्या जी," म्हणाली. आम्ही नाही म्हटले. डाव्या हाताने तिने तुकडा मोडला, तोंडात घातला आणि झटकन मागे घेतला.

"जीभ पोळली."

आणि हसली. मग थोड्या वेळाने, ताटाकडे पाहतच म्हणाली, "गरम खायची सवयच नाही राह्यली."

आम्ही पुढची भाकरी थापायला घेतली, कारण दुसरे काय करावे हे सुचले नाही.

वारकरी बंधूंनो, आषाढीच्या वाटेवर आपण काय करतो ते आठवा. विसाव्याला दिंडी थांबली की पुरुष माणसे चूल मांडतात, लाकडे फोडतात, पन्नास माणसांचे पिठले ढवळतात. गुठळी होऊ नये म्हणून बेसन आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या फोडणीत धार धरून सोडायचे, हे दिंडीतल्या कित्येक माळकऱ्यांना येते. कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. माउलींच्या वाटेवर जे हात चालतात ते घराच्या उंबऱ्यात आले की गळून का पडतात?

हात बरा होऊन आता वर्षे झाली. सकाळचा स्वयंपाक, आम्ही गावी असलो तर, आमच्याकडेच राहिला. नैवेद्य झाला की दोघे एकाच वेळी पाटावर बसतो. मधे उठून भाकरी भाजायची पाळी आळीपाळीने. सप्त्याला बोलावणे आले की यजमानांना आधी कळवतो, तुमच्या घरच्या ज्या बाया रांधतील त्या आमच्या पंगतीला बसतील तर आम्ही जेवू, आणि पंचपक्वान्न नको, भाकरी-वरण-भाजी पुरे. बहुतेक ठिकाणी आधी गडबड उडते, मग ऐकतात. एका गावी यजमान रुसले. त्यांची परंपरा मोडते म्हणाले. त्या गावचे बोलावणे पुढल्या वर्षी आले नाही. चुटपुट लागली, खोटे कशाला बोलू. तेथला टाळकऱ्यांचा ताफा फार चांगला होता.

परवा एकादशीचे पारणे होते. द्वादशीला पहाटे उठून अंबाडी घोटली, आठ भाकरी केल्या. हिने एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली, उलटसुलट पाहिली.

"कडा कच्च्या राह्यल्या जी."

खरेच राहिल्या होत्या. ती परत तव्यावर टाकली.

रामकृष्णहरी.